आमच्याच पाण्यातलं बेट

आमच्या ग्रुपचं नाव ‘गोवा पक्का’ असं होतं. त्यातला एकही जण पक्का नव्हता, हे मला गुरुवारी रात्री कळलं. एकाच्या मुलाला ताप आला, दुसऱ्याचा रिलीज पुढे ढकलला गेला, तिसऱ्याने नुसताच हात जोडलेला इमोजी पाठवला. चौथ्याने तर उत्तरच दिलं नाही. शुक्रवारची रजा मंजूर झालेली होती आणि बाइकची सर्व्हिसिंगही करून ठेवली होती. म्हटलं, आपण एकट्यानेच जाऊ.

निपाणीला आईला फोन केला. "एकटाच चाललास व्हय? एकट्यानं गोव्याला कोण जातंय?" तिचा प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे एकट्याने गोव्याला जाणाऱ्या माणसाबद्दल लोक दोनच शंका घेतात: एक तर दारू, नाही तर प्रेमभंग. मी तिला सांगितलं, "देवळाला चाललोय. सप्तकोटेश्वराला." हे अर्धं खरं होतं. आजोबांच्या तोंडून नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं आणि शिवाजी महाराजांचं नाव लहानपणापासून ऐकलेलं. वाटेतच आहे, तर दर्शन घेऊ आणि मग सरळ समुद्र गाठू, असा बेत होता. समुद्र काही मी त्या खेपेला पाहिला नाही. तीन वर्षं झाली, त्यानंतर चार वेळा गोव्याला गेलो, पण दर वेळी मध्येच एका बेटावर अडकतो. त्या बेटाची ही गोष्ट.

बेळगावहून चोर्ला घाटाचा रस्ता आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी, डिचोली. ऑगस्टमध्ये त्या रस्त्यावर रेनकोट म्हणजे नुसती समजूत असते. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी चहासाठी थांबलो. इथेच मलप्रभेचा उगम. ती पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचतं. याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात देगावजवळ म्हादई उगवते. ती पश्चिमेला गोव्यात उतरते आणि पुढे तिलाच मांडवी म्हणतात. एकाच तालुक्यातला पाऊस, पण कुठल्या उतारावर पडला त्यावर तो कुठल्या समुद्राला जाणार हे ठरतं. शाळेत हे सगळं शिकलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच, हातात चहाचा ग्लास धरून, त्याचा विचार केला.

दुपारी नार्व्याला पोहोचलो. झाडीतलं ते देऊळ आजोबांच्या वर्णनापेक्षा लहान आणि शांत निघालं. दीपमाळ, कौलारू छप्पर, वर घुमट, आणि पावसात भिजणारं अंगण. दारावरचा शिलालेख 1668 सालचा. महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करवला, त्याची ती नोंद. मी हात जोडले आणि तिथे बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांना सहज विचारलं, "देऊळ मूळचं इथलंच ना?"

"नाही हो," ते म्हणाले. "देव पलीकडचा. पाण्यापलीकडचा."

मूळ देऊळ नदीपल्याड दिवाडी बेटावर होतं. सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. त्यांच्या नाण्यांवरसुद्धा, सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेले, अशा अर्थाचं बिरुद कोरलेलं असायचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं, आणि लिंग नदी ओलांडून इकडे आणलं गेलं, कारण तेव्हा हा भाग पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. देवाला सीमा ओलांडून शेजारच्या राज्यात राहायला यावं लागलं होतं. निपाणीच्या माणसाला ही गोष्ट समजायला फार वेळ लागत नाही.

आणि कदंब म्हटल्यावर मला हलशी आठवली. खानापूरजवळचं हलशी, जिथे शाळेची सहल हमखास जायची आणि भूवराह नरसिंहाच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबे खायचो. ते देऊळही याच कदंबांच्या काळातलं. म्हणजे आमच्या सहलीचं गाव आणि समोरचं बेट एके काळी एकाच राज्यात होतं. खाली नदीकडे फेरीबोटीची पाटी दिसत होती. समुद्र अर्ध्या तासाने कुठे पळून जाणार नव्हता.

फेरीबोटीला माणसाचं तिकीट नाही, दुचाकीचंही नाही, हे कळल्यावर मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. बोटीवर एक मासळीवाली, शाळेचं दप्तर घेतलेली दोन मुलं, गॅसची टाकी घेऊन निघालेला एक माणूस आणि मी. नदी लालसर, भरलेली. पलीकडे जायला काही मिनिटं लागतात. पण त्या मिनिटांत बाइकचं इंजिन बंद असतं, फोनला हात लावावासा वाटत नाही, आणि करण्यासारखं काहीच नसतं. मी कठड्यावरून खाली पाहिलं. हे पाणी आमच्याकडचं, एवढाच विचार डोक्यात होता. खानापूरच्या डोंगरातलं पाणी इथे येऊन एका बेटाला वळसा घालत होतं.

बेटावर उतरून अर्धा तास झाला नसेल, तोच मागचं चाक बसलं. पाऊस सुरू, दोन्ही बाजूंना भातशेती, आणि मी बाइक ढकलतोय. पियेदादपर्यंत कसाबसा पोहोचलो. पंक्चर काढणारा सापडला, पण त्याने चाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पताका लावत होता. "उद्या बोंदेराम," तो म्हणाला, जणू त्यात सगळं आलं. "आयतारा करतां." म्हणजे रविवारी. त्यानेच मला एका आंटींचं घर दाखवलं. त्या वरची खोली पाहुण्यांना देतात.

आंटी बाल्कांवात बसल्या होत्या. दारापुढच्या ओट्यावर दोन्ही बाजूंना दगडी बाकं, त्याला गोव्यात बाल्कांव म्हणतात. वय सत्तरीच्या पुढचं. मी नखशिखांत भिजलेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तूं खंयचो रे पुता?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं. ‘तू कुठला?’ हा प्रश्न आपल्याला कुणी विचारला की पोटात थोडं काहीतरी होतं. पुण्यात पहिल्या नोकरीत बेळगाव सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा, "अरे वा, मग मराठी इतकं चांगलं कसं?" बंगळुरात "ऊरु यावुदु?" ला बेळगाव म्हटलं की समोरचा माझ्या कन्नडचे उच्चार तपासत पुढची दोन मिनिटं ऐकायचा. एका उत्तराने कधी भागलंच नाही. त्यामागे 1956 पासूनचं सगळं सांगावं लागतं, किंवा गप्प बसावं लागतं. मी बहुतेक वेळा गप्प बसलो आहे.

"बेळगावचा," मी म्हटलं, आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली.

"बेळगांवचो!" आंटींचा चेहरा खुलला. "आमची भाजी थंयसून येता!"

बस्स. एवढंच. पुढे त्यांनी बेळगावातल्या बटाट्याची आणि कोबीची चौकशी केली, पावसात भाव वाढतात म्हणून थोडी तक्रार केली (तीही माझ्याकडे, जणू भाव मी ठरवतो), आणि त्यांचे एक दीर बेळगावात शिकायला होते ते सांगितलं. त्यांच्या लेखी बेळगाव कर्नाटकात नव्हतं आणि महाराष्ट्रातही नव्हतं. ते घाटावर होतं आणि तिथून भाजी यायची. मी अंग पुसत हसत होतो. किती वर्षांनी त्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात संपलं होतं!

संध्याकाळी पाऊस थांबला तसा पायी निघालो. दिवाडीवर ‘बघण्यासारखं’ फार नाही आणि हेच त्याचं वैशिष्ट्य. बांधावरून चालत गेलं की एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि नदी. ही खाजन जमीन. भरतीला मांडवीचं पाणी खारट होतं, ते शेतात शिरू नये म्हणून पूर्वजांनी हे मातीचे बांध घातले. बांधात जागोजागी लाकडी दारं बसवलेली असतात. त्या दारांना मानस म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने दार आपोआप बंद होतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर जातं. वीज नाही, मोटर नाही, कुणी बटण दाबायला नको. मी दिवसभर जे कोड लिहितो त्यात नेमकं हेच करायचं असतं: कुणाला कधी आत घ्यायचं आणि कधी नाही. आमच्या सिस्टीमला त्यासाठी सहा जणांची टीम लागते आणि तरी रात्री दोनला फोन येतो. त्या दारासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. हे बांध सांभाळण्याची जुनी गावकारी पद्धत पोर्तुगीज येण्याआधीची आहे. बांध एकाचा फुटला तर पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं, त्यामुळे भांडण कितीही असलं तरी बांधाला एकत्र यावंच लागतं.

जवळूनच, मोठ्या आवाजात, कोकण रेल्वे गेली. ती बेटावरून जाते, पण बेटावर थांबत नाही.

रात्री आंटींनी कढी आणि तळलेले मासे वाढले. बोलता बोलता विषय निघालाच, कारण बाल्कांवातल्या रेडिओवर म्हादईच्या पाण्याची बातमी लागली होती. कणकुंबीजवळचं कळशाचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही, यावर कर्नाटक आणि गोवा किती वर्षं भांडतायत हे आपण जाणतो. लवादाचा निवाडा 2018 साली आला, तरी वाद संपला नाही. मी सकाळी ज्या दोन उतारांचा कौतुकाने विचार केला होता, त्या उतारांवरूनच हे भांडण. मी चपापलो. म्हटलं, आता आंटी मला कर्नाटकवाला म्हणून धरणार. त्या फक्त म्हणाल्या, "पाणी उणें जालें तर खारें पाणी वयर चडटलें." पाणी कमी झालं तर खारं पाणी वर चढेल. त्यांना राज्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना त्या बांधापलीकडच्या भाताची काळजी होती.

मग मीही बोललो. आजोबांचं सांगितलं. 1 नोव्हेंबर 1956 ला ते झोपून उठले तेव्हा घर तेच होतं, राज्य बदललेलं होतं. त्यांनी मोर्चे काढले, सत्याग्रहात मार खाल्ला, आणि आयुष्यभर वर्तमानपत्रांची कात्रणं एका फायलीत लावली. त्या फायलीतलं महाजन आयोगाचं कात्रण मी लहानपणी वाचलं होतं. 1967 च्या त्या अहवालाने निपाणी महाराष्ट्राला द्यायची आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवायचं म्हटलं होतं. म्हणजे माझ्या आईचं सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या. महाराष्ट्राने तो अहवाल मान्य केला नाही. 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तेव्हा आजोबा खूश झाले होते. त्यानंतर दर वेळी मी घरी गेलो की विचारायचे, "निकाल लागला काय रे?" जणू मी इंजिनिअर झालोय म्हणजे मला माहीत असणारच. निकाल लागायच्या आधी ते गेले.

आंटींनी ऐकून घेतलं. मग त्यांनी त्याच 1967 सालची त्यांची गोष्ट सांगितली. 16 जानेवारीला गोव्यात जनमत कौल झाला होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, यावर प्रत्येकाने मत दिलं. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळं राहण्यासाठी दोन पानं. घराघरांत भांडणं झाली होती, मैत्रिणी बोलेनाशा झाल्या होत्या. मग मोजणी झाली, दोन पानं जिंकली, आणि विषय संपला. "तुमकां विचारलेंच ना?" त्यांनी मला विचारलं. तुम्हाला विचारलंच नाही?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजोबांची अख्खी फाइल या एका वाक्यात बसली असती.

दुसऱ्या दिवशी बोंदेराम. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी हा उत्सव होतो. बँड, सजवलेले रथ, रंगीत पताका, आणि मुलांच्या हातात बांबूच्या बंदुका. त्या बंदुकीला फोताश म्हणतात, तिच्यातून रानातली बारीक फळं उडतात. त्यातलं एक माझ्या मानेवर बसलं आणि मारणारा पोरगा आईच्या मागे लपला. मी हसलो, आणि शेजारच्या माणसाला विचारलं, हे सगळं कशासाठी?

तो म्हणाला, हद्दीच्या भांडणासाठी.

गावातल्या दोन वाड्यांमध्ये जमिनीच्या हद्दीवरून मारामाऱ्या व्हायच्या. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी हद्द ठरवायला निरनिराळ्या देशांचे झेंडे रोवले. लोकांनी दगड मारून तेच झेंडे पाडले. ‘बोंदेराम’ हा शब्दच झेंड्याच्या पोर्तुगीज शब्दावरून आला असं सांगतात. आता दर वर्षी तीच लढाई बांबूच्या बंदुकांनी होते आणि नंतर सगळे एकत्र जेवतात.

तुम्हाला वाटेल, हे ऐकून मला फार बरं वाटलं असेल. खरं सांगतो, पहिल्यांदा राग आला. आमच्याकडे याच हद्दीच्या भांडणात माणसं तुरुंगात गेली, काही जिवाला मुकली. आजही शाळा, सातबारा, दुकानाची पाटी, सरकारी कागद, प्रत्येक ठिकाणी ते भांडण आहे. त्याचा उत्सव कसा करायचा? मी गर्दीतून बाजूला होऊन एका भिंतीवर बसलो. समोर दोन्ही वाड्यांची पोरं एकमेकांवर फळं उडवत होती, आणि त्यांच्या आज्या एकाच बाकावर बसून शेंगदाणे खात होत्या.

भिंतीवर बसून जे वाटलं ते असं. दिवाडीचे लोक हसू शकतात, कारण त्यांचं भांडण बरोबरीच्यांचं होतं आणि ते त्यांच्यातच राहिलं. आमचं तसं नाही, त्यामुळे आमच्या वेदनेवर त्यांचं औषध लावून टाकणं हा आजोबांवर अन्याय होईल. पण झेंडे बाहेरच्यांनी रोवले होते आणि बांध दोघांचा एकच होता, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं आहे. बेळगावच्या बाजारात माझी आई ज्या बाईकडून भाजी घेते ती कन्नड बोलते, आई मराठी बोलते, आणि गेली वीस वर्षं दोघी एकमेकींच्या लेकरांची लग्नं, बाळंतपणं विचारतायत. आजोबांच्या फायलीत याचं कात्रण नाही, कारण याची बातमी होत नाही. मला दोन्ही जपायचं आहे, फाइलही आणि ती भाजीवालीही. एक धरलं की दुसरं सोडावं लागतं असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

रविवारी बाइक तयार झाली. निघण्याआधी टेकडीवरच्या पियेदादच्या चर्चपाशी गेलो. तिथून पलीकडे जुन्या गोव्याची पांढरी चर्चं दिसतात आणि चारही बाजूंना पाणी. शेजारच्या दफनभूमीत एका लहान चॅपेलमध्ये कदंबकाळातल्या देवळाचे कोरीव दगड अजून आहेत. देव नार्व्याला गेला, दगड इथे राहिले, आणि लोक दोन्हीकडे हात जोडतात.

बेटाच्या प्रेमात पडलो म्हणून सगळं गोड नाही. बरीच घरं बंद आहेत. मुलं पोर्तुगाल, लंडन, आखातात. आंटींचे दोन्ही मुलगे बाहेर. पूल हवा की नको यावर घराघरात दोन मतं. मी शहाण्यासारखं म्हणून गेलो, "पूल झाला तर बेटाची मजा जाईल." आंटी शांतपणे म्हणाल्या की त्यांच्या यजमानांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा त्या धक्क्यावर बोटीची वाट पाहत उभ्या होत्या. त्यानंतर मी त्या विषयावर मत दिलेलं नाही. दोन दिवसांच्या पाहुण्याला शांतता दिसते, धक्क्यावरची रात्र दिसत नाही.

तेव्हापासून वर्षातून एकदा तरी जातो, आणि एकटाच जातो. चौघे गेलो असतो तर चौघांत बोललो असतो, आंटींशी नाही. एकट्या माणसाला लोक विचारतात, ‘कुठला?’ आणि मग बोलणं सुरू होतं. ज्या प्रश्नाला मी टाळत होतो, त्याच्यासाठीच आता जातो.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर चोर्लामार्गे नार्व्याची फेरी धरा, परतताना जुन्या गोव्याची. पावसात घाट सकाळीच ओलांडा. बेटावर खाण्याची दुकानं कमी आहेत आणि पंक्चर काढणाऱ्याचे सणवार आधी विचारून घ्या. बांधावर बाइक घालू नका. आणि आपल्याकडचा कुंदा न्यायला विसरू नका. मी नेतो. आंटी परत येताना कोकमं देतात.

यंदा आई म्हणाली, "मला पण दाखव की ते तुझं बेट." तिला घेऊन जाणार आहे. वाटेत कणकुंबीला चहा घेऊ आणि मग फेरीवर तिला पाणी दाखवू. आंटी तिला तोच प्रश्न विचारतील. ती निपाणी म्हणेल की बेळगाव, हे मला खरंच माहीत नाही. कुठलंही म्हणाली तरी आंटी भाजीचे भाव विचारतील, आणि भावाच्या बाबतीत आई माझ्यासारखी गप्प बसणार नाही.